मावशी पास

मावशींना त्या कंपनीत कामाला ठेवलं तेव्हा तिथे नेमकं काय बनतं हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. सकाळी आठला यायचं, चार खोल्या झाडून-पुसून घ्यायच्या, अकराला आणि चारला चहा करायचा, एवढं ठरलं होतं. माणसं सातच. दोन भाऊ, थोरले आणि धाकटे, आणि त्यांनी कुठून कुठून जमवलेली पाच तरुण मंडळी. सगळे दिवसभर पडद्याकडे तोंड करून बसायचे आणि मध्येच एखादा "मेलो" म्हणून खुर्चीत मागे रेलायचा. पहिले दोन दिवस मावशी दचकल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मेलेल्याच्या पुढ्यात चहा ठेवला आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या.

ती मंडळी व्हिडिओ गेम बनवत होती. त्यांचा पहिलाच खेळ, नाव 'दिवेवाला'. संध्याकाळ झाली की रस्त्यावरचे दिवे लावत गावभर फिरणाऱ्या एका माणसाची गोष्ट. तो आपल्या खोलीत जागा होतो, दार बाहेरून बंद असतं, आणि खोलीतून सुटायची दुसरी वाट शोधायची, इथून खेळ सुरू व्हायचा.

एका दुपारी धाकट्यांना काय हुक्की आली कोण जाणे. म्हणाले, "मावशी, जरा बसा इथे. या बाबाला खोलीतून बाहेर काढा बघू."

मावशी हात पुसून बसल्या. पंचवीस मिनिटं बसल्या. तो बाबा भिंतींवर आपटून आपटून दमला, पण बाहेर काही पडेना. मागे उभ्या असलेल्या धाकट्यांचा जीव वर-खाली होत होता. शेवटी त्यांना राहवेना. "अहो, कपाट. ते कपाट सरकवा. मागे खिडकी आहे."

"कपाट सरकतं हे मला कसं कळावं?" मावशी शांतपणे म्हणाल्या. "सरकणारं कपाट असलं की खाली फरशीवर ओरखडे उठतात. रोज सरकवत असेल तर कडेला हाताचे डाग पडतात. मी घासून घासून थकते ते डाग. इथे फरशी कोरी, कपाट कोरं. या खोलीत कोणी राहतच नाही."

धाकटे हसले. थोरले हसले नाहीत. "चूक मावशींची नाही, खोलीची आहे," एवढंच बोलून त्यांनी खोली बनवणाऱ्याला बोलावलं. त्या दिवशी फरशीवर दोन लांब सरळ ओरखडे उमटले आणि कपाटाच्या कडेला, खांद्याच्या उंचीवर, बोटांचे मळकट ठसे आले. दुसऱ्या दिवशी मावशींना परत बसवलं. त्या एका मिनिटात बाहेर पडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काल ज्यांना उत्तर सांगून टाकलं त्यांनाच आपण आज तेच कोडं घालतोय, हे त्या सात हुशार डोक्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. चूक तेव्हा एवढीशी होती. पुढे बावीस वर्षं ती त्यांच्याबरोबर वाढत गेली.

तिथून रीतच पडली. कुठलाही खेळ बाजारात जाण्याआधी त्यातली पहिली खोली मावशींनी सोडवायची. त्या खेळत असताना कोणी चकार शब्द काढायचा नाही. जो बोलेल त्याने आठवडाभर सगळ्यांचा चहा करायचा आणि मावशींनी खुर्चीत बसून प्यायचा. धाकट्यांनी एका वर्षात पाच आठवडे चहा केला, आणि तो कसा व्हायचा याबद्दल न बोललेलंच बरं. थोरल्यांनी लाकडी मुठीचा रबरी शिक्का करून घेतला. त्यावर दोनच शब्द, 'मावशी पास'. मावशींनी तो कागदावर मारायचा आणि तसाच्या तसा खेळाच्या खोक्यामागे छापायचा.

'दिवेवाला' चालला म्हणजे काय, धावला. त्यामागून आलेले आणखी चार खेळही. लोकांचा त्यांच्यावर जीव जडला. या खेळांत कोणी काही शिकवायचं नाही, बाण दाखवायचा नाही. खोलीत शिरायचं आणि बघायचं. जिथे रंग उडालाय तिथे हात लागतो, जिथे पायरी झिजलीय तिथून माणसं जातात. आठ वर्षांच्या पोराला ते कळायचं आणि त्याच्या आजोबांनाही. एका मुलीने पत्र लिहिलं होतं की मी आता शाळेत जाताना सगळ्यांच्या दारांच्या कड्या बघत जाते. थोरल्यांनी ते पत्र चहाच्या ओट्यावर, मावशींच्या डोळ्यांसमोर येईल असं चिकटवलं. मावशी रोज ते वाचायच्या. आपण फरशा पुसता पुसता जे बघितलं ते कोणाच्या तरी कामी आलं, हा आनंद त्यांनी घरी जाऊबाईंशिवाय कोणाला सांगितला नाही.

जाऊबाई म्हणजे मावशींच्या मोठ्या जाऊ. दोघींचे नवरे गेल्यावर दोघींनी दोन घरांचं एक घर केलं होतं. जाऊबाईंचं आयुष्य शाळेचे गणवेश शिवण्यात गेलं, आणि यंत्रांपैकी त्यांचा विश्वास फक्त शिलाई मशीनवर. टीव्हीचा रिमोटसुद्धा त्या दोन बोटांत धरून मावशींच्या हातात द्यायच्या. मावशींच्या कामाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "तू खोलीतून बाहेर पडतेस आणि ते टाळ्या वाजवतात. मी रोज बाहेर पडते, मला कोणी विचारत नाही."

मग दिवस पालटले. सातांचे सत्तर झाले, सत्तरांचे तीनशे. काचेची इमारत आली. एका मोठ्या कंपनीने ही कंपनी विकत घेतली, थोरले एका सोमवारी सगळ्यांचे हात हातात घेऊन निघून गेले, आणि धाकटे काचेच्या केबिनमध्ये बसले. साफसफाई बाहेरच्या लोकांकडे गेली. मावशींना ठेवलं ते वरच्या मजल्यावरच्या चहासाठी आणि शिक्क्यासाठी. शिक्का मारायचा दिवस म्हणजे आता समारंभ असायचा. कॅमेरे लागायचे, कोणीतरी मावशींचे केस नीट करायचं, आणि मावशी दोन मिनिटांत खोलीतून बाहेर पडायच्या.

पडणार नाहीत तर काय. आधी डावा कोपरा, मग खाटेखाली, मग कपाट. कुठला खोलीवाला किल्ली कुठे लपवतो हे त्यांना चहात कोणाला किती साखर लागते तितकं पाठ झालं होतं. मावशी त्या अख्ख्या इमारतीतल्या सगळ्यात पोचलेल्या खेळाडू झाल्या होत्या, आणि कंपनी अजून त्यांना कोरी नजर समजून खेळायला बसवत होती. खेळ दिवसेंदिवस बिघडत गेले आणि मावशी दरवेळी पास होत गेल्या.

मागच्या खेळाच्या वेळी तर हद्दच झाली. मावशी खेळल्या तेव्हा खाटेवरची उशी हवेत तरंगत होती आणि खोलीतला म्हातारा बोलता बोलता फरशीतून खाली गेला. मावशींनी मान वळवून मागे बघितलं. चाळीस जण उभे होते. कोणी सहा महिने रविवार बघितला नव्हता, एकाला मुलगी झाली होती आणि तो तिला फक्त फोनवर ओळखत होता. सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळं. "छान झालंय," मावशी म्हणाल्या आणि शिक्का मारला.

खेळ बाजारात आला आणि लोकांनी कंपनीची सालटी काढली. फरशीतून गेलेला म्हातारा घरोघरी दिसला. शेवटचा भाग वेगळा विकत घ्यावा लागतो हे कळल्यावर जुन्या चाहत्यांचं डोकंच फिरलं. 'मावशी झोपल्या होत्या का' ही थट्टा सगळीकडे झाली. तीन महिन्यांत ऐंशी जणांना घरी पाठवलं. त्यात मुलीचा बाप होता.

हे सगळं मावशींनी गिळलं असतं. पण त्याच सुमारास त्या चष्म्याचा नंबर काढायला गेल्या. चष्मेवाला तिशीतला, शांत माणूस. एकेक भिंग बदलत तो म्हणाला, "तुम्हाला मी ओळखलं. खोक्यामागे तुमचा शिक्का असायचा. आमच्या घरी खेळ घ्यायचा म्हटलं की आई तेवढंच बघायची." मग त्याने हातातलं भिंग खाली ठेवलं. "मावशी, राग मानू नका. मागचा तो खेळ तुम्ही खरंच खेळला होतात का?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मावशींनी परतवून लावला असता. त्यांनी "हो" म्हटलं आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला गेल्या तर ती दिसेनात. चष्मेवाला म्हणाला, नंबर वाढलेला दिसतोय. नंबर नव्हता वाढला, डोळे भरून आले होते.

अशातच कंपनीने ठरवलं की 'दिवेवाला' पुन्हा काढायचा. तोच माणूस, तेच गाव, तीच खोली, पण नव्या झगमगाटात. जुन्या आठवणींवर लोक भाळतात हे वरच्या लोकांना कोणीतरी आलेख काढून दाखवलं होतं. बातमी फुटली तशी लोक पुन्हा हळवे झाले. मात्र सगळ्यांचा प्रश्न एकच: या वेळी मावशी पास खरा असेल का?

शिक्क्याच्या आदल्या आठवड्यात धाकटे स्वतः चहाच्या ओट्यापाशी आले. केस पांढरे, खांदे उतरलेले. "मावशी, हा चालला नाही तर वरचे टाळं लावणार. दोनशेवीस जण आहेत अजून."

"खेळ कसा झालाय?" मावशींनी विचारलं.

धाकट्यांनी कप उचलला, खाली ठेवला. "तुम्ही बघालच," म्हणाले आणि गेले.

उत्तर खोलीवालीकडून मिळालं. ही सत्तावीस वर्षांची मुलगी, पहिली खोली तिने बांधली होती. शाळेत जाताना दारांच्या कड्या बघणारी ती हीच. मावशींनी नव्या इमारतीत आणलेलं ते पत्र अजून ओट्यावर होतं, कडेने पिवळं पडलेलं, आणि पहिल्या दिवशी ते बघून ती चहा न घेताच पळाली होती. ती म्हणाली, "मावशी, मी ओरखडे काढले होते. ठसे काढले होते. वरून निरोप आला की लोकांना धीर नसतो, बाण टाका. आणि एक पोपट टाकलाय, तो सगळं सांगतो." मावशींनी तिला आल्याचा चहा करून दिला. दुसरं काय करणार.

त्या आठवड्यात मावशींना अन्न गोड लागेना. शिक्का मारावा तर चष्मेवाल्याच्या आईसारख्या किती जणींच्या डोळ्यांत धूळ जाणार. न मारावा तर दोनशेवीस घरं. जाऊबाई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "एवढी तळमळतेस कशाला? खोलीतून बाहेर पडता आलं तर हो म्हण, नाही तर नाही."

"मला आता कुठल्याही खोलीतून बाहेर पडता येतं हो," मावशी म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यांनी जाऊबाईंकडे नीट निरखून बघितलं. जाऊबाई म्हणाल्या, "माझ्याकडे असं बघू नकोस. मी येणार नाही."

त्या आल्या. ठेवणीतले कपडे घालून, पर्स छातीशी धरून. कॅमेरे लागले होते, वरचे साहेब खास या दिवसासाठी आले होते. मावशींनी खुर्ची जाऊबाईंकडे सरकवली.

"आज मी नाही खेळणार," त्या म्हणाल्या. "मला सगळं पाठ आहे. कित्येक वर्षं पाठ आहे, आणि हे आपल्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. पण मागच्या वेळी मात्र मला दिसत होतं आणि मी खोटं बोलले. यांनी आयुष्यात कधी खेळ खेळला नाही. या खेळतील. नियम तोच, कोणी बोलायचं नाही."

साहेबांनी धाकट्यांकडे बघितलं. धाकट्यांनी जमिनीकडे.

जाऊबाई बसल्या. पडद्यावर खोली उजळली. काय ती खोली. घोंगडीचा धागा न् धागा दिसत होता, दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हात धुळीचे कण नाचत होते. मधोमध एक पिवळा बाण लुकलुकत होता आणि पोपट म्हणाला, 'कपाटाजवळ चला.'

"हा कोण?" जाऊबाईंनी विचारलं. नियमाप्रमाणे कोणी बोललं नाही. "याला गप्प करा, मला बघू द्या." पोपट म्हणाला, 'कपाट उजवीकडे सरकवा.' "अरे, मग तूच सरकव की. माझं काय काम?" मागे कोणीतरी फिसकन हसलं. जाऊबाईंनी तोंड वाकडं करून बाणामागून कळ दाबली, कपाट सरकलं, खिडकी उघडली. साडेतीन मिनिटं. टाळ्या झाल्या. साहेबांच्या जिवात जीव आला. त्यांनी स्वतःच्या हाताने कागद पुढे केला.

मावशींनी कागद घेतला नाही. "जाऊबाई, खोली कशी होती?"

"कुठली खोली?" जाऊबाई म्हणाल्या. "मी बाण बघत होते."

खोलीवालीने डोळ्यांवर हात धरले. मावशींनी शिक्का उचलला, त्याची मूठ रुमालाने पुसली आणि तो आपल्या पिशवीत टाकला.

"मावशी," धाकटे हळूच म्हणाले, "माणसांकडे बघा हो."

"मागच्या वेळी माणसांकडे बघूनच मारला होता. वाचली का ती?" मावशी म्हणाल्या. "लोक त्या खोलीला जीव लावून बसलेत, आणि ती कोणाला दिसणारच नाही. या खेळाला मी शिक्का देत नाही."

खेळ शिक्क्याशिवाय बाजारात आला. लोकांनी खोकं उलटून बघितलं आणि परत ठेवलं. सात महिन्यांनी काचेच्या इमारतीला टाळं लागलं. शेवटच्या दिवशी कोणी मावशींना नमस्कार केला, कोणी न बघता निघून गेलं. लिफ्टमध्ये एकजण भिंतीकडे बघत म्हणाला, "एक शिक्का मारला असता तर यांचं काय गेलं असतं?" मावशींनी ऐकलं. कप धुताना त्या खूप रडल्या. आपण चुकलो नाही हे त्यांना माहीत होतं, आणि तो माणूसही चुकत नव्हता, हेही. ओट्यावरचं पत्र त्यांनी नखाने अलगद सोडवून घेतलं.

त्यानंतर वर्षभर शिक्का सुया-दोऱ्यांच्या डब्यात पडून होता. मग एका सकाळी खोलीवाली दारात उभी. सोबत तिघे आणखी, सगळे कंपनीतून सुटलेले. चौघांनी मिळून कोणाच्या तरी घरातल्या एका खोलीत बसून छोटासा खेळ केला होता. खोलीवालीने लॅपटॉप उघडला आणि मावशींसमोर नाही, जाऊबाईंसमोर ठेवला.

"पुन्हा मीच?" जाऊबाई म्हणाल्या. पण बसल्या.

बाण नव्हता. पोपट नव्हता. एक साधं स्वयंपाकघर, एक बंद दार. मावशींना उत्तर बघताक्षणी कळलं: चुलीशेजारची फळी. त्या हात मांडीखाली दाबून बसून राहिल्या. जाऊबाईंनी दार बघितलं, मोरी बघितली, उंबरठ्यापाशी कितीतरी वेळ रेंगाळल्या. अर्धा तास गेला. चौघांपैकी एकाचं तोंड उघडलं तशी खोलीवालीने बोटाने चहाच्या भांड्याकडे खूण केली. तोंड मिटलं.

"नाही बाई," शेवटी जाऊबाई म्हणाल्या. "मला नाही जमत. हा उंबरठा मधे झिजलाय, म्हणजे माणसं इथूनच जातात. मी इथेच बघणार ना?"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. कोणी वाद घातला नाही, कोणी समजवायला गेलं नाही. चौघांनी वह्या काढल्या आणि खोलीवाली म्हणाली, "उंबरठ्यापाशी काय काय बघितलंत, परत सांगता का?" जाऊबाई सांगत राहिल्या आणि ते लिहीत राहिले. मावशी चहा टाकायला उठल्या, आणि कितीतरी वर्षांनी त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं.

"महिन्याभरात दुरुस्त करून आणतो," जाताना खोलीवाली म्हणाली. "याच बसतील ना?"

"आता या नाही चालणार," मावशी म्हणाल्या. "कुठे बघायचं नाही, ते यांना कळलं. मी शोधते दुसरं कोणी."

संध्याकाळी त्या शिक्क्याची शाई आणायला बाहेर पडल्या, कारण जुनी पार सुकून गेली होती. येताना घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाशी थांबल्या. तो डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात डोकं खुपसून बसला होता.

"तुम्ही कधी व्हिडिओ गेम खेळलाय?" मावशींनी विचारलं.

त्याने भिंग काढलं. "नाही बुवा. आम्हाला कुठला वेळ. का हो?"

"काही नाही," मावशी म्हणाल्या. "खेळू नका. महिनाभर तरी अजिबात खेळू नका."